केसपेपरवर न आलेली दारू



दारूवर व्याख्यान म्हटल्यावर एकतर दारूबंदी हवी की नको हा वाद ऐकावा लागणार, नाहीतर मोडलेल्या संसारांच्या कहाण्या, अशी आपली समजूत झाली असेल. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत. पण आज मला टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाबद्दल, म्हणजे डॉक्टरबद्दल बोलायचे आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले व्यसनांचे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांतल्या ५.७ कोटी लोकांचे पिणे मदतीची गरज भासावी इतके वाढलेले आहे आणि यांपैकी २.९ कोटी लोक दारूवर पुरते अवलंबून आहेत. अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकानेच आपल्याला काहीतरी उपचार किंवा मदत मिळाल्याचे सांगितले. उरलेले ३७ जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, असे मात्र नाही. ते पित्तासाठी येतात, झोप लागत नाही म्हणून येतात, पडून लागले म्हणून टाके घालायला येतात, गोळ्या चालू असूनही रक्तदाब उतरत नाही म्हणून येतात. डॉक्टर त्यांना तपासतो, औषध लिहून देतो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. दारूचे नाव निघत नाही. असे का होते? माझे उत्तर असे की आपल्या डॉक्टरांना दारूविषयी माहिती कमी पडत नाही. दारूतून माणूस बाहेर पडतो हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते, आणि आपले वैद्यकीय शिक्षण त्यांना ते पाहू देत नाही.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला दारू कुठे कुठे भेटते ते पाहा. पॅथॉलॉजीत ती काचपट्टीवरच्या चरबीने भरलेल्या यकृतात भेटते. फार्माकॉलॉजीत डायसल्फिरामच्या कार्यपद्धतीत. फॉरेन्सिकमध्ये तोंडाचा वास, चालीतला तोल आणि रक्तातले प्रमाण नोंदवून प्रमाणपत्र कसे द्यायचे हे तो शिकतो. म्हणजे वास घ्यायला तो शिकतो तो पोलिसांसाठी. मेडिसिनच्या वॉर्डात पोट पाण्याने फुगलेला, डोळे पिवळे झालेला, रक्ताची उलटी झालेला रुग्ण त्याला तोंडी परीक्षेसाठी मिळतो. मानसोपचार हा विषय काही आठवड्यांच्या पोस्टिंगपुरता असतो, त्याचा स्वतंत्र पेपर नाही, आणि ज्याचा पेपर नाही त्याचा अभ्यास नाही हा आपल्याकडचा जुना नियम. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात रुग्णाशी संवादाचे धडे आले, व्यसनांचे प्रकरणही आहे. कागदावर ती सुधारणा खरीच आहे. पण विद्यार्थी कागदावरून जेवढे शिकतो त्याहून जास्त कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता शिकतो. डोके फुटलेला माणूस स्ट्रेचरवर येतो, कोणीतरी 'आला बघ बेवडा' म्हणते, टाके पडतात, सलाईन लागते, सकाळी सुट्टी मिळते. त्या रात्रीत इंटर्न एक धडा पक्का करतो: या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. हा धडा कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेला नाही, आणि तोच सर्वांत नीट शिकवला जातो.

या शिकवणीची किंमत काय पडते ते एका प्रसंगात स्पष्ट दिसते. प्रसंग कुठल्याही ऑर्थोपेडिक वॉर्डातला आहे. परांचीवरून पडून मांडीचे हाड मोडलेला गवंडी दाखल होतो. केसपेपरवर सवयींच्या रकान्यात 'विशेष काही नाही' असे लिहिले जाते, कारण कोणी विचारलेले नसते. शस्त्रक्रिया व्यवस्थित होते. पण दाखल झाल्यापासून त्याच्या पोटात दारूचा थेंब गेलेला नाही. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. वेदनेमुळे असेल म्हणून सोडून देतात. दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात, पांघरुणावरून मुंग्या झटकत तो सलाईन उपसतो, मोडलेल्या पायाने खाटेवरून उतरायला बघतो. बायकोला वाटते बाहेरचे लागले. वॉर्डातले लोक त्याला चादरीने खाटेला बांधतात. हा डिलिरियम ट्रेमेन्स, आणि तो जिवावर बेतू शकतो. डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधे वेळेवर मिळाली तर तो बहुतेक वेळा टळतो. थायामिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातलेच एक, ग्लुकोजच्या आधी किंवा बरोबर शिरेतून द्यावे लागते; नाहीतर आधीच रिता झालेला साठा संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कार्ल व्हेर्निकेने त्या विकाराचे वर्णन १८८१ साली केले. औषधे स्वस्त आहेत आणि सरकारी रुग्णालयात मिळतात. चुकते ते पहिल्या दिवशीच्या एका प्रश्नात: शेवटची कधी घेतली होती? हे शिकवायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. अस्थिरोग विभागाच्या सकाळच्या राउंडला ते शिकवता येते, आणि तिथेच शिकवले पाहिजे.

आता डॉक्टरांच्या निराशेकडे येतो. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधकांनी १९८४ साली एका दृष्टिदोषाची मांडणी केली. त्याला आपण वैद्याचा भ्रम म्हणू. ज्यांचा आजार लांबतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो तेच रुग्ण दवाखान्यात पुन्हा पुन्हा दिसतात. जे बरे होतात ते दिसेनासे होतात. मग डॉक्टरला वाटते की हा आजार बरा होतच नाही. दारूच्या बाबतीत हा भ्रम दुप्पट होतो, कारण दारू सोडलेला माणूस आपण कधी पीत होतो हे चारचौघांत सांगत फिरत नाही. त्यातून मराठी मनावर गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा ठसा. सुधाकराचा शेवट ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे त्याला दुसरा शेवट सुचणे कठीणच. ही निराशा आपल्यापुरती नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या व्यसन संशोधन केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एका काल्पनिक रुग्णाची लक्षणे दिली. लक्षणे दारूच्या सुरुवातीच्या दुरुपयोगाची होती. पाच संभाव्य निदाने लिहा म्हटल्यावर ९४ टक्के डॉक्टरांच्या यादीत दारू आलीच नाही. पाचांत नाही! हे डॉक्टर अडाणी नव्हते. ज्याचे पुढे काही करता येत नाही असे मनाने ठरवले आहे, ते निदान सुचतच नाही.

आणि वस्तुस्थिती? अमेरिकेत २००१-०२ मध्ये सुमारे ४३ हजार लोकांच्या मुलाखती घेऊन झालेल्या पाहणीत, पूर्वी कधीतरी दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी मुलाखतीच्या वर्षी तसेच अवलंबून असलेले फक्त २५ टक्के निघाले. सुमारे ३६ टक्के पूर्ण बाहेर पडले होते. त्यांतल्या निम्म्यांनी दारू सोडली होती आणि निम्मे धोक्याच्या मर्यादेखाली पीत होते. उरलेले अधेमधे होते. आयुष्यात कधी उपचार घेतलेले जेमतेम एक चतुर्थांश. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून जुना आणि याहून बोलका आहे. १०० विवाहित पुरुष. सर्वांची सविस्तर तपासणी. मग निम्म्यांना महिनोन्‌महिने उपलब्ध असतील ते सारे उपचार, आणि निम्म्यांना पत्नीच्या उपस्थितीत एकच बैठक, स्पष्ट सल्ला, जबाबदारी तुमची. वर्षानंतर दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. यावरून कोणी उपचार निरुपयोगी ठरवले. मला त्यात दुसरे दिसते: नीट तपासून, गंभीरपणे, अपमान न करता बोललेला एक तास किती वजनदार असतो ते. तरीही 'पुन्हा पितातच ना' हा प्रश्न उरतो. पितात. मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की व्यसनातले पुन्हा घसरण्याचे प्रमाण रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांतल्या तशा घसरणीपेक्षा जास्त नाही. मीठ पुन्हा सुरू केलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाला आपण वॉर्डातून हाकलत नाही, गोळी बदलतो.

डॉक्टर विचारतात तेव्हाही कसे विचारतात ते पाहण्यासारखे आहे. 'दारू वगैरे घेत नाही ना?' या प्रश्नात उत्तर आधीच दिलेले असते, आणि रुग्णाची बायको शेजारी उभी असते. विचारले तर उत्तर येते, 'कधीतरी, एखादी क्वार्टर.' डॉक्टर 'ऑकेजनल' असे लिहितो. आता ही क्वार्टर मोजू. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. इंग्लंडमध्ये २०१६ पासून कमी धोक्याची मर्यादा आठवड्याला ११२ ग्रॅम सांगितली जाते. म्हणजे आठवड्याला दोन क्वार्टर झाल्या की मर्यादा ओलांडली, आणि आपल्या केसपेपरवर तो माणूस 'कधीतरी' पिणारा. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या अभ्यासातून तयार केलेली आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेली 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी हेच मोजते: किती वेळा, एका बैठकीत किती, थांबता येत नाही असे झाले का, पिण्यामुळे कोणाला लागले का. तिच्यातल्या पहिल्या तीन प्रश्नांनीही बरेच काम होते. आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो समुदाय-आधारित तपासणी फॉर्म भरतात त्यातही दारूचा प्रश्न आहे, ही चांगली गोष्ट. पण प्रश्न असा की तुम्ही रोज दारू पिता का? दर शनिवारी पगार झाल्यावर बेशुद्ध होईपर्यंत पिणारा माणूस प्रामाणिकपणे 'नाही' म्हणून सुटतो. फॉर्म करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. पिण्याचे नुकसान रोजच्या पिण्यातच असते ही आपली सर्वांची समजूत तिथे छापली गेली.

यावर डॉक्टरांचे पहिले म्हणणे: वेळ कुठे आहे? ओपीडीत शंभर माणसांची रांग असते. हे खरे आहे, आणि ही अडचण झटकून टाकणाऱ्या तज्ज्ञांनी एक सोमवार ग्रामीण रुग्णालयात काढावा. पण सर्वांना विचारा असे मी म्हणतही नाही. पित्ताचा त्रास, वारंवार मार, न उतरणारा रक्तदाब, झोप, लिव्हरच्या बिघडलेल्या चाचण्या आणि क्षयरोग एवढ्यांनाच विचारले तरी पुष्कळ. क्षयरोगाचे तर मुद्दाम सांगतो. जास्त पिणाऱ्याला तो होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, औषधे यकृतावर भार टाकतात, आणि पिणारा रुग्ण गोळ्या मध्येच सोडतो. अशा रुग्णाला दारूबद्दल न विचारणे म्हणजे क्षयरोगाचाच अर्धवट उपचार. दुसरे म्हणणे, रुग्ण खोटे बोलतात. बोलतात, विशेषतः ज्या स्वरात पोलीस विचारतो त्या स्वरात विचारले तर. 'आठवड्यातून किती दिवस होते? एका वेळी क्वार्टर की जास्त?' असे रक्तदाब मोजता मोजता, बायकोला बाहेर थांबायला सांगून विचारले तर उत्तर बदलते. हे वाक्य शिकवावे लागते, तोंडाने म्हणून घ्यावे लागते, जसे इंजेक्शन देणे हाताने करून घ्यावे लागते.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो संशोधकांकडून येतो: डॉक्टरच्या सल्ल्याने फरक पडतो तरी किती? २०१८ सालच्या कॉक्रेन आढाव्याने ६९ अभ्यास तपासून सांगितले की अशा छोट्या सल्ल्याने आठवड्याला सरासरी २० ग्रॅम अल्कोहोल कमी होते. म्हणजे एका क्वार्टरचा तिसरा हिस्सा. त्याआधी २०१३ साली इंग्लंडमधल्या मोठ्या प्रयोगात नुसते पत्रक देणे, पाच मिनिटांचा सल्ला आणि वीस मिनिटांचे समुपदेशन यांत सहा महिन्यांनी फरक आढळला नाही. मी हे आकडे लपवणार नाही. छोटा सल्ला दारूवर पुरत्या अवलंबून असलेल्या माणसासाठी नाहीच, त्याला औषध, देखरेख आणि दीर्घ साथ लागते. पण राष्ट्रीय सर्वेक्षणातल्या ५.७ कोटींपैकी जवळजवळ निम्मे लोक अजून त्या अवस्थेला पोचलेले नाहीत. त्यांच्यासाठी सरासरी कपात लहान असली तरी लोकसंख्येच्या हिशेबात ती मोठी होते. इंग्लंडच्या प्रयोगाचा अर्थही मला वेगळा वाटतो. तिथे तिन्ही गटांना मोजून विचारले गेले होते आणि निष्कर्ष सांगितला गेला होता. कदाचित औषध तेवढेच होते.

गोव्यातल्या प्रयोगाने तर डॉक्टरांनाच आव्हान दिले. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि 'संगात' या संस्थेच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुष निवडले. ऑडिटचे गुण १२ ते १९, म्हणजे पिणे हानिकारक पण अवलंबित्वाच्या अलीकडचे. एका गटाला डॉक्टरांची नेहमीची सेवा, शिवाय डॉक्टरांना चाचणीचा निकाल आणि मार्गदर्शक सूचना दिलेल्या. दुसऱ्याला त्याशिवाय समुपदेशन, जास्तीत जास्त चार बैठका. आणि समुपदेशक कोण, तर मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले सामान्य स्थानिक लोक. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के. आधीच्या पंधरवड्यात दारूला शिवलेही नाहीत असे ४२ विरुद्ध १८. वर्षभरानंतर पहिला आकडा ५४ विरुद्ध ३२. जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या मात्रेत मात्र फरक दिसला नाही. मग कोणी म्हणेल, हे काम सामान्य माणूस करू शकतो तर डॉक्टरांना शिकवायचे कशाला? मला वाटते, गोव्याने डॉक्टरांचे ओझे हलके केले आणि त्यांची जागा नेमकी केली. निकाल आणि सूचना हातात देऊनही नुसत्या डॉक्टरांच्या सेवेने तेवढे साधले नाही, म्हणजे चार बैठका डॉक्टरने घ्याव्यात हा हट्ट नको. पण कोणाला तिथे पाठवायचे हे ओळखणे, दारू एकदम तोडली तर कोणाला फिट येईल हे ताडणे, औषध देणे आणि रुग्णाला चिठ्ठी न देता हाताला धरून समुपदेशकाच्या टेबलापर्यंत नेणे, एवढे डॉक्टरचेच आहे.

न शिकवलेल्या डॉक्टरकडून होणारे नुकसान दुर्लक्षापुरते थांबत नाही. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचतो. तेच काम कधी कधी चिठ्ठीवरही होते: बायको रडत येते, डॉक्टर डायसल्फिराम लिहून देतो आणि भाजीत कालवायला सांगतो. १९४८ साली डेन्मार्कमधून पुढे आलेले हे औषध जाणून घेणाऱ्याला उपयोगी पडते. न सांगता दिले आणि तो माणूस त्या रात्री प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही येतो. बायकोची अगतिकता समजते. डॉक्टरची सही समजत नाही.

एक अडचण मात्र प्रशिक्षणाने सुटणारी नाही. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत मद्यपान आणि त्याचे परिणाम यांवरचे उपचार आहेत. त्यामुळे केसपेपरवर दारू लिहिली की दावा अडकतो. हे जाणणारा भला डॉक्टर रुग्णाचे नुकसान नको म्हणून लिहीत नाही, मग पुढच्या पाळीचा डॉक्टर ते वाचत नाही, आणि आपण मघाशी पाहिलेली तिसरी रात्र येते. दुसरीकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मद्याच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरतो आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण द्या म्हणतो. हा विरोध धोरणकर्त्यांनी मिटवायचा आहे. आणि सरकार एका हाताने अबकारी गोळा करते तर दुसऱ्या हाताने डॉक्टर काय करणार, या प्रश्नाला माझ्याकडे लांब उत्तर नाही. किमती आणि दुकाने यांचा परिणाम डॉक्टरी सल्ल्यापेक्षा मोठा आहे, पण दुकान बंद होईपर्यंत खाटेवरच्या माणसाने थांबायचे का? जाता जाता एवढेच की औषध कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या वैद्यकीय परिषदांत यकृतावरच्या सत्रानंतर कॉकटेल डिनर असते, तेव्हा तिथे कोणी ऑडिटचे दहा प्रश्न फिरवावेत. उत्तरे गोपनीय ठेवावीत.

मग शिकवायचे कसे? आणखी एक व्याख्यान वाढवून नाही. ते मी आज देतोच आहे. कॅटलोनिया, इंग्लंड, नेदरलँड्स, पोलंड आणि स्वीडन या पाच ठिकाणच्या १२० प्राथमिक केंद्रांतल्या प्रयोगात प्रशिक्षण व पाठबळ दिल्याने विचारण्याचे प्रमाण वाढले, आणि त्या कामाचा मोबदला दिल्यानेही वाढले. तेव्हा काम मोजले जावे. प्रात्यक्षिक परीक्षेत पोट तपासण्याच्या टेबलाशेजारी एक टेबल असे असावे, जिथे विद्यार्थी पाच मिनिटांत पिण्याची चौकशी करून दाखवेल, क्वार्टरचे ग्रॅम मांडेल आणि शेवटची कधी घेतली हे विचारायला विसरला तर नापास होईल. इंटर्नशिपमध्ये प्रत्येकाकडे दारूचा एक रुग्ण सहा महिन्यांसाठी सोपवावा, दाखल झाल्यापासून घरी गेल्यानंतरच्या फोनपर्यंत. तो पुन्हा प्यायला तरी रुग्ण बदलून मिळणार नाही. आणि कोहेन यांनी सांगितलेल्या भ्रमावर इलाज म्हणून बरे झालेले लोक दाखवावेत. १९३५ साली अमेरिकेत ज्या दोघांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली त्यांतला एक डॉक्टर होता, शल्यविशारद, आणि स्वतः पिणारा. आज तिच्या खुल्या सभांना कोणालाही बसता येते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेले लोक नव्याने आलेल्यांना सांभाळतात. तिथे किंवा अशा कुठल्याही केंद्रात प्रत्येक इंटर्नने आठवडाभर जावे. एप्रन न घालता, गोल करून बसलेल्यांत खुर्ची ओढून, फक्त ऐकण्यासाठी. हजेरीपत्रकावर सही त्या केंद्रातल्या समुपदेशकाची असावी, आणि ती नसेल तर इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र अडवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला असावा.